हृदयाची औषधे आणि परिचारिकेचे उत्तरदायित्व

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, परिचर्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यासमोर कोलकात्यात दिलेले भाषण)



आपल्या मंडळास यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. ह्या व्यासपीठाने आजवर गणेशोत्सवातील कीर्तने ऐकली, हौशी नाटके पाहिली, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि दिवाळीचा फराळ अनुभवला. अशा ठिकाणी औषधांवर व्याख्यान म्हणजे मंगलाष्टकांत कुणी पंचांगातील अशुभ योग वाचून दाखवावेत, तसे वाटण्याचा संभव आहे. कार्यकारिणीपुढे आम्ही ही शंका बोलून दाखविली. त्यावर मिळालेले उत्तर आम्हांस निरुत्तर करणारे होते. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतील काही मुली आणि एक मुलगा आज परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. आणि त्यांच्याच घरांतील वडीलधारी मंडळी सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाच्या नि हृदयाच्या गोळ्या घेत आहेत. तेव्हा हा विषय परका कसा, असे आम्हांस विचारण्यात आले.

ह्या शहरातील रुग्णालयांत आम्ही आयुष्याचा मोठा भाग काढला. आधी वॉर्डात, मग अतिदक्षता विभागात आणि शेवटी विद्यार्थिनींना शिकविण्यात. त्या अनुभवाच्या बळावर चार गोष्टी सांगण्याचे धाडस करीत आहोत. औषधांची संपूर्ण यादी येथे सांगणार नाही. ती पाठ्यपुस्तकात आहे आणि परीक्षेच्या भीतीने तुम्ही ती पाठ करालच. औषध देण्यापूर्वी काय पाहावे, दिल्यानंतर काय पाहावे आणि का पाहावे, एवढाच आजचा विषय आहे.

एका आजींची हकिकत

प्रारंभी आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची हकिकत सांगितली पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही नुकत्याच नोकरीस लागलो होतो. स्त्रियांच्या वॉर्डात सांगलीकडच्या एक आजी दाखल होत्या. मुलाची बदली इकडे झाली म्हणून त्या त्याच्यामागे आलेल्या. बंगाली त्यांना येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. हृदयाची शक्ती क्षीण झालेली, नाडी अनियमित, पायांवर सूज. त्यांना डिजॉक्सिनची गोळी आणि लघवी वाढविणारे औषध चालू होते.

आमची नाईट ड्यूटी होती. पहाटे तीनच्या सुमारास आजींनी हाक मारली आणि म्हणाल्या, “पोरी, इथले दिवे असे पिवळे का गं दिसतात? आणि अन्नावर वासनाच राहिली नाही बघ.” त्या वॉर्डात त्यांची भाषा समजणाऱ्या आम्ही एकट्याच. आम्ही त्यांचे पांघरूण सारखे केले आणि म्हणालो, “आजी, हॉस्पिटलातले दिवे असेच असतात. झोपा आता.”

सहा वाजता डिजॉक्सिनची वेळ झाली. आम्ही मनगटावर पंधरा सेकंद नाडी मोजली, चारने गुणिले, चार्टवर ६४ लिहिले आणि गोळी दिली. तासाभरात आजी घामाघूम होऊन निपचित पडल्या. वॉर्डच्या सिस्टर दीदी धावत आल्या, त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ते ३८ होते.

वस्तुतः आजींनी रोगाचे निदान स्वतःच आम्हांस सांगितले होते. डिजॉक्सिन अंगात साठू लागले म्हणजे भूक मरते, मळमळते आणि वस्तूंभोवती पिवळी वा हिरवट कड दिसू लागते, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. पण पुस्तकातले ते इंग्रजी वाक्य आणि पहाटेचे मराठी वाक्य एकच आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. आजींचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तूर्त ह्या औषधाकडे वळू.

डिजिटॅलिस : ठोके मोजल्यावाचून देऊ नये

डिजिटॅलिस हे फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडापासून मिळणारे औषध. इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग ह्यांनी जलोदरासारख्या सुजेवर ह्या झाडाच्या पानांचा उपयोग दहा वर्षे पारखला आणि १७८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती आहेत; आणि विशेष हे की, जेथे गुण आला नाही किंवा अपाय झाला, त्याही हकिकती त्यांनी लपविल्या नाहीत. डिजॉक्सिन हे शुद्ध द्रव्य १९३० मध्ये वेगळे करण्यात आले. हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढविणे आणि वरच्या कप्प्यांतून खाली येणाऱ्या विद्युत्संदेशांना आवर घालणे, ही त्याची दोन कामे. दुसरे काम प्रमाणाबाहेर झाले की नाडी मंदावते आणि संदेश वाटेतच अडतात.

गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा ह्यांतील अंतर येथे फार थोडे आहे. म्हणून गोळी देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी, स्टेथोस्कोप लावून, पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. प्रौढ रुग्णात ते ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावे. नाडी अनियमित असताना पंधरा सेकंदांचा गुणाकार फसवतो. शिवाय प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोहोचतोच असे नाही. आम्ही ह्या दोन्ही चुका एकाच पहाटे केल्या होत्या.

आजींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडत होत्या. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असते. म्हणून तरुणाला सोसणारी मात्रा म्हाताऱ्या माणसाच्या अंगात साचत जाते. दुसरे म्हणजे पोटॅशियम. रक्तातील पोटॅशियम उतरले की डिजॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो आणि लघवीच्या औषधाने तेच पोटॅशियम वाहून जात असते. त्यात जेवण बंद. एका औषधाचा दुसऱ्याशी असलेला हा संबंध ज्याला दिसला, त्याला औषधशास्त्राचा अर्धा मार्ग चालून झाला असे समजावे.

लघवीची औषधे आणि पोटॅशियम

फ्युरोसेमाइड हे नाव तुम्ही रोज ऐकाल; लॅसिक्स ह्या नावाने ते घरोघर ठाऊक आहे. फुप्फुसांत पाणी भरून रुग्णाला धाप लागलेली असताना शिरेतून दिलेले हे औषध अक्षरशः जीवदान देते. पण त्याचा हिशेब परिचारिकेने ठेवावयाचा असतो. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन. पोटात गेलेले पाणी आणि बाहेर पडलेली लघवी. उठल्याबरोबर चक्कर येते काय. मोठी मात्रा शिरेतून घाईने दिल्यास कानांना अपाय होतो, म्हणून ती मिनिटाला ४ मिलिग्रॅमहून अधिक वेगाने देऊ नये. घरी गोळी घ्यावयाची तर ती शक्यतो सकाळी घ्यावी, अन्यथा रात्रभर उठबस होते आणि अंधारात पडून हाड मोडते. हे शेवटचे वाक्य येथे बसलेल्या आजोबांसाठी आहे.

गेलेले पोटॅशियम भरून काढण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड देतात. विद्यार्थ्यांनो, ह्या औषधाविषयी आम्ही जरा कठोरपणेच बोलणार आहोत. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलिलिटरच्या १५ टक्के ॲम्प्यूलमध्ये सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. दिसावयास ते इंजेक्शनच्या पाण्यासारखे, स्वच्छ आणि निर्मळ. ते सरळ शिरेत ढकलले तर हृदय जागच्या जागी थांबते. म्हणून ते नेहमी पुरेशा सलाईनमध्ये मिसळून, पिशवी उलटसुलट हलवून, सावकाश द्यावयाचे. साध्या वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे जाऊ नये. त्याहून वेग हवा असल्यास रुग्ण मॉनिटरवर पाहिजे. लघवी होत नसलेल्या रुग्णास ते देण्यापूर्वी डॉक्टरांस पुन्हा विचारावे. आणि ही ॲम्प्यूल पाण्याच्या ॲम्प्यूलशेजारी, एकाच ट्रेमध्ये कदापि ठेवू नये. कपाटातील जागा बदलण्यास पैसे पडत नाहीत, पण तेवढ्याने प्राण वाचतात.

जिभेखालची गोळी

इटलीच्या आस्कानिओ सोब्रेरो ह्यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले. आल्फ्रेड नोबेल ह्यांनी त्यापासूनच पुढे डायनामाइट बनविले. सुरुंगाचे हे द्रव्य विल्यम मरेल ह्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये हृदयशूलावर वापरून दाखविले. स्वतः नोबेल ह्यांस अखेरच्या दिवसांत हृदयविकार जडला, तेव्हा वैद्यांनी त्यांना हेच औषध सुचविले होते. ह्या औषधापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. नायट्रिक ऑक्साइडचे शरीरातील कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद ह्या तिघांस १९९८ साली नोबेल ह्यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे ह्याच कुळातील आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेट, अनेकांच्या खिशात असते. ती गोळी गिळावयाची नसून जिभेखाली विरघळू द्यावयाची, आणि ती बसून घ्यावयाची. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. डोके दुखेल, ते औषधाचेच लक्षण. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती देऊ नये. पौरुषवृद्धीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतलेल्या असतील तर ही गोळी घातक ठरते. हा प्रश्न संकोच न करता, पण एकान्तात विचारावा. पालकांसमोर हे बोललो, त्याबद्दल क्षमा असावी. पण परिचारिकेला लाजून चालत नाही.

रक्त गोठू न देणारी औषधे

ह्या औषधांचा इतिहास तुम्हां विद्यार्थ्यांना हुरूप देणारा आहे. हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅकलेन ह्यांच्या हातून लागला, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते. वॉरफरीनची कथा गोठ्यातून निघते. कुजलेले स्वीट क्लोव्हर गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्याने न गोठलेले रक्त दुधाच्या बरणीत भरून कार्ल पॉल लिंक ह्यांच्या प्रयोगशाळेत आणून दिले. त्या गवतातील द्रव्याच्या अभ्यासातून जे औषध निघाले, ते १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि काही वर्षांनी माणसांसाठी वापरले जाऊ लागले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर तेच देण्यात आले.

तात्पर्य इतकेच की, हे औषध तारकही आहे आणि मारकही. वॉरफरीन घेणाऱ्याची रक्तचाचणी नियमित व्हावी. हिरडीतून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग ह्यांची चौकशी रोज करावी. पालेभाजी बंद करण्याची गरज नाही. पण एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असे करू नये, कारण पालेभाजीतील के जीवनसत्त्व ह्या औषधाच्या विरुद्ध काम करते. वॉरफरीनवर उतारा तेच के जीवनसत्त्व. हेपॅरिनवर उतारा प्रोटामिन. उतारा ठाऊक नसताना औषध देऊ नये, असा आमचा विद्यार्थिनींना नेहमी आग्रह असे.

हेपॅरिनच्या ५ मिलिलिटरच्या एका व्हायलमध्ये २५,००० युनिट असतात, तर कमी शक्तीच्याही व्हायल मिळतात. म्हणून आकडा व्हायलवरून वाचावा, सवयीवरून नव्हे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि मात्रा दसपट होते. पॉइंटपूर्वी शून्य अवश्य लिहावे आणि पॉइंटनंतर निष्कारण शून्य लिहू नये. ०.२५ लिहावे, नुसते पॉइंट पंचवीस नव्हे. ५ लिहावे, ५.० नव्हे.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधांत स्ट्रेप्टोकायनेजने आपल्या देशातील असंख्य रुग्णांना हात दिला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही मिळून दिल्याने पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. एकट्या ॲस्पिरिनचा वाटाही जवळजवळ स्ट्रेप्टोकायनेजइतकाच होता. स्वस्त औषधाला हलके लेखू नये, हा धडा त्यातून मिळाला. मात्र ही औषधे वेळेत मिळाली तरच खरी. छातीत दुखू लागल्यावर “पित्त झाले असेल, सोडा घेऊन पाहू” म्हणून घालविलेला प्रत्येक तास हृदयाचा स्नायू मारीत असतो.

रक्तदाब : कोलकाता आणि मुंबई

आता आपल्या दोन्ही घरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ती रक्तदाब उतरविते, ही गोष्ट १९३१ मध्ये ह्याच कोलकात्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी लेखाद्वारे मांडली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले आणि १९५७ साली डॉ. वकील ह्यांस लास्कर पुरस्कार मिळाला. बंगालने मांडले, मुंबईने जगापुढे नेले, असे आम्ही येथील मैत्रिणींना म्हणत असू, आणि त्या हसून म्हणत, “आधी आम्हीच!” आज रेसर्पिन क्वचितच वापरतात, कारण त्याने मन खिन्न होते असे आढळले आणि त्याहून चांगली औषधे आली.

त्या नव्या औषधांपैकी दोन कुळे लक्षात ठेवावीत. जेम्स ब्लॅक ह्यांच्या संशोधनातून आलेली बीटा-ब्लॉकर औषधे नाडी मंद करतात. दमेकऱ्यांस ती जपून, आणि कुणासही ती एकाएकी बंद करावयाची नाहीत. दुसरे कुळ ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या गरळाच्या अभ्यासातून निघाले. कॅप्टोप्रिल हे त्यातील पहिले प्रसिद्ध औषध. ह्या कुळातील औषधाने काहींना कोरडा खोकला सुरू होतो. मग घरात आल्याचा काढा, हळदीचे दूध, कफाची बाटली असे सर्व उपाय होतात, पण नव्या गोळीचा संशय कुणास येत नाही. ओठ वा जीभ सुजली तर मात्र थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

अतिदक्षता विभागातील गणित

अतिदक्षता विभागात पाऊल टाकताच विद्यार्थिनी यंत्रांना भितात. यंत्रांना भिऊ नये, पण गणिताला अवश्य भ्यावे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास सिरिंज पंपातून औषध थेंबाथेंबाने द्यावे लागते. एक उदाहरण करून पाहू. ६० किलो वजनाच्या रुग्णास दर किलोमागे दर मिनिटास ५ मायक्रोग्रॅम डोपामिन द्यावयाचे आहे. म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम; तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, अर्थात १८ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमचे औषध एकूण ५० मिलिलिटर होईल असे मिसळले, तर एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम आले. अठराला चाराने भागावे, तासाला ४.५ मिलिलिटर. पंपावर पॉइंट दाबावयाचा राहिला तर ४५ होतात. म्हणून गणित दोघींनी स्वतंत्रपणे करावे आणि मग उत्तरे ताडून पाहावीत. एकीने सांगितले आणि दुसरीने मान डोलावली, ह्यास पडताळा म्हणत नाहीत.

आमच्या उमेदीच्या काळात डोपामिनचाच बोलबाला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत डोपामिनने नाडीचे बिघाड अधिक होतात असे दिसले आणि जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास आता नॉरॲड्रिनलिन हीच पहिली पसंती आहे. आपण शिकलेले कधीकधी सोडूनही द्यावे लागते. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर तेथील कातडी काळी पडून मरते. म्हणून शक्यतो मोठ्या शिरेतील नळीतून द्यावे, सुईची जागा वारंवार पाहावी, आणि सिरिंज संपण्यापूर्वीच दुसरी भरून तयार ठेवावी. मध्ये पडलेला मिनिटाचा खंडही रुग्णास सोसत नाही.

ॲड्रिनलिनविषयी दोनच वाक्ये. हृदय बंद पडले असता दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलिग्रॅम शिरेतून. तीव्र ॲलर्जीत प्रौढास ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. औषध एकच, पण मात्रा आणि मार्ग वेगळे. आणि कोणतेही औषध छातीवर अखंड दिलेल्या दाबांची जागा घेऊ शकत नाही, हेही विसरू नये.

घरातील मंडळींसाठी

आपण सर्व मुलुखापासून दूर राहणारी माणसे. गावाकडून आईवडील येतात तेव्हा लोणच्याच्या बरणीबरोबर गोळ्यांचीही एक पिशवी येते. पाकिटे अर्धी कापलेली, नावे पुसट, चिठ्ठी गावीच राहिलेली. इकडचे डॉक्टर दुसऱ्या कंपनीची तीच गोळी लिहून देतात आणि घरात दोन्ही सुरू राहतात. आमची विनंती एवढीच की, प्रत्येक घरात एक कागद असावा. त्यावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे इंग्रजीत व मराठीत लिहावे. तो वडिलांच्या खिशात आणि आईच्या पर्समध्ये असावा. मंडळातील ही विद्यार्थी मुले रविवारी घरोघर जाऊन असे कागद लिहून देतील, तर सुवर्णमहोत्सवाचे त्याहून उपयुक्त काम दुसरे कोणते?

दुसरी विनंती भाषेची. इथे जन्मलेली आपली मुले बंगाली छान बोलतात, ह्याचा आनंदच आहे. पण दुखण्यात म्हातारे माणूस आपल्या भाषेकडेच परतते. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते’, ‘अंधारी येते’, ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हे, ती रोगाची लक्षणे आहेत. ती ऐकून नेमके दुसऱ्या भाषेत डॉक्टरांस सांगणारे कुणी तरी रुग्णाजवळ असले पाहिजे.

समारोप

आता आजींकडे परत येऊ. त्या सकाळी हृदयाच्या आलेखात अडथळा दिसला. त्यांना मॉनिटरवर घेतले, ॲट्रोपिन दिले, डिजॉक्सिन बंद झाले. रक्तातील पोटॅशियम उतरलेले निघाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू भरून काढले. आम्ही कोपऱ्यात उभ्या राहून थरथरत होतो. पहाटेचे ते बोलणे आमच्याखेरीज कुणास ठाऊक नव्हते आणि चार्टवर ६४ हा आकडा होता. गप्प राहिलो असतो तर कुणी विचारलेही नसते. पण ते मनात ठेवणे शक्य होईना. सिस्टर दीदींना आम्ही सर्व सांगितले. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग केसपेपर पुढे सरकवून म्हणाल्या, “जे तिने सांगितले ते लिही. तू किती सेकंद मोजलेस तेही लिही. खाली सही कर.” डॉक्टरांनी ते वाचले आणि पिवळ्या दिव्यांच्या उल्लेखावरून त्यांचे निदान पक्के झाले. आम्हांस बोलणी बसली, ती योग्यच होती. पण त्या आठवड्यापासून आमच्या वॉर्डात डिजॉक्सिनच्या प्रत्येक मात्रेपुढे ठोक्यांचा आकडा लिहिण्याचा रकाना आला.

चौथ्या दिवशी आजींनी मऊ भात मागितला. आणखी दहा-बारा दिवसांनी त्या घरी जावयास निघाल्या, तेव्हा त्यांच्या मुलासमक्ष आम्ही आपली चूक त्यांना सांगितली. मुलाचा चेहरा कठोर झाला, आणि तो झाला ह्यात नवल नव्हते. आजी मात्र थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग आता नीट मोजतेस ना?”

तेव्हापासून मोजीत आलो आहोत. विद्यार्थ्यांनो, औषधे बदलतील. आज शिकलेली अनेक नावे तुमच्या निवृत्तीपर्यंत इतिहासजमा होतील. मात्र रुग्णाचे बोलणे पूर्ण ऐकणे, पूर्ण मिनिट मोजणे आणि जे घडले ते खरे लिहिणे, ह्या तीन गोष्टींना पर्याय सापडण्याची चिन्हे आम्हांस दिसत नाहीत.  आपल्या मंडळाच्या शतकमहोत्सवास आजची ही मुले वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसलेली असोत आणि त्यांच्याही खिशात तो कागद असो, एवढी सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.